नागलीत हरवलेलं सिम

माझा फोन बरीच वर्षं पोस्टपेड होता आणि याचा मला अभिमान होता. आता त्यात अभिमान बाळगण्यासारखं काय होतं, हे मला आज सांगता येणार नाही. पण जव्हारच्या आमच्या कचेरीत बाकी सगळे रिचार्ज मारायचे आणि माझं मात्र बिल यायचं. बिल येणारा माणूस जरा वरचा, असं माझं मत होतं. ते फक्त माझंच होतं, हे बायकोने माझ्या लक्षात आणून दिलं.

बायको मोखाड्याकडे पोशेऱ्याच्या शाळेत शिकवते. तिच्या शाळेत रेंज नाही, आणि माझ्या कचेरीत आहे ती खिडकीत उभं राहिल्यावर. एकदा ती म्हणाली, "अहो, जो फोन लागतच नाही त्याचं बिल कसलं भरता? प्रीपेड करून टाका."

मी करायला तयार झालो, पण मला भीती होती की नवीन सिम घ्यावं लागेल, नंबर बदलेल आणि मग बँकेपासून गॅसपर्यंत सगळीकडे चकरा माराव्या लागतील. बाजारातल्या दुकानात गेलो तर काउंटरवरच्या मुलीने माझा फोटो काढला, अंगठा घेतला आणि म्हणाली, "झालं, सर. सिम तेच राहील, नंबरही तोच. थोडा वेळ सिग्नल जाईल, मग आपोआप येईल. तुम्ही काहीच करू नका."

यातलं शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

तो शनिवार होता. दुकानातून निघालो तो बायकोला मोटारसायकलवर मागे बसवून थेट जामसरला, सासुरवाडीला. नागलीची, म्हणजे नाचणीची, मळणी झालेली होती. अंगणातल्या सारवलेल्या खळ्यावर दाण्यांची रास पडलेली होती आणि सासूबाई सूप घेऊन पाखडायला बसल्या होत्या. मेहुणा पोती झटकत होता. तो पावसाळा सरला की ठाण्याकडे बांधकामावर जातो, या वर्षी अजून निघायचा होता.

जेवण झालं आणि खळ्याच्या कडेला बसून मी मेहुण्याला प्रीपेडवर व्याख्यान दिलं. त्याने विचारलं नव्हतं. "लोकांना वाटतं नवीन कार्ड घ्यावं लागतं," मी म्हणालो. "मुळीच नाही. तेच कार्ड चालतं. माहितीच नसते लोकांना." मेहुणा जन्मापासून प्रीपेडवर आहे. तरी तो "हां दाजी, हां दाजी" करत राहिला. जावयाला मधे थांबवायची त्या घरात पद्धत नाही.

व्याख्यान संपवून मी ऐटीत फोन काढला. सिग्नल नव्हता. फोन बंद करून चालू केला, तरी नव्हता. आता ज्याने नुकतंच एवढं ज्ञान वाटलं त्याने गप्प कसं बसायचं? मला वाटलं, कार्ड जरा काढून, पुसून परत घातलं की होईल. बायकोच्या कानातलं मागितलं. "कशाला?" तिने विचारलं. "तुला नाही कळायचं," मी म्हणालो. तिने दिलं.

कानातल्याची दांडी बारीक भोकात दाबली, दाबली, आणखी जोरात दाबली. ट्रे एकदम उसळून बाहेर आला आणि करंगळीच्या नखाएवढं ते सिम हवेत उडून नागलीच्या राशीत पडलं.

नागलीचा दाणा मोहरीएवढा. मी घाईघाईने राशीत हात घातला आणि कार्ड जिथे कुठे वरवर असेल तिथून ते खोल ढकललं.

"हात काढा आधी!" बायको ओरडली.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या माझ्याशी सरळ बोलत नसत. डोईवर पदर घेऊन लेकीला सांगत आणि लेक मला सांगे, मी शेजारीच बसलेला असलो तरी. आताही त्या लेकीला म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, खुर्चीवर बसा. आमी बघतो."

घरातली एकुलती एक प्लॅस्टिकची खुर्ची खळ्याच्या कडेला आली. हातात चहाचा कप आला. आणि मी पाहुण्यासारखा बसून राहिलो, समोर तिघं माझ्यापायी नागली चिवडत होती. कोणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने मेहुण्याने हळूच सुचवलं, "दाजी, नवीनच कार्ड घ्या ना. जव्हारला लगेच देतात. टेन्शन कशाला?"

"नवीन कशाला?" मी म्हणालो. "तेच चालतं."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी कपात तोंड घातलं.

शेवटी सासूबाईंनी सगळी रास सुपा-सुपाने पाखडायला घेतली. त्यांचा हात असा चालत होता की दाणे मागे राहत आणि हलकं सारं पुढच्या कडेला येऊन खाली पडे. कितीतरी सुपं झाली. मग एकदा कोंड्याबरोबर काहीतरी पांढरं खाली पडलं. "ते बघ!" बायको म्हणाली. मेहुणा वाकला. पण त्याच्या आधी एक तांबडी कोंबडी पोचली, तिने ते चोचीत उचललं आणि पळाली.

मी खुर्चीतून उठलो. नुसता उठलो असं नाही, कप टाकून धावलो. कोंबडी पेंढ्याच्या उडवीला वळसा घालून गेली, मीही गेलो. ती कुंपणाखालून गेली, मी कुंपणावरून जायला गेलो आणि अर्ध्यात अडकलो. पँट फाटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पलीकडे भाताच्या खुंटांत मी गुडघ्यांवर पडलो. कोंबडीला कळलं असावं की हे खायचं नाही. तिने ते टाकलं आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी सिम उचलून मुठीत धरलं आणि हात वर केला.

तेव्हा सासूबाईंना हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून त्या खांदे हलवत हसत होत्या. मग पदर काढला आणि कोणालाही मधे न घेता म्हणाल्या, "जावई, ती कोंबडी तुमच्यासाठीच ठेवलीय संध्याकाळला. आताच कशाला दमवता तिला?"

मग मेहुणा हसला, बायको तर खळ्यावर बसूनच हसली. मला आधी राग आला. मग माझी फाटलेली पँट माझ्या लक्षात आली आणि मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

सिमवर चोचीचा ओरखडा होता. पुसून घातलं, फोन चालू केला. सिग्नल नव्हता.

"दाजी," मेहुणा फार जपून म्हणाला, "आथं रेंज कुठं असते? तथं टेकाडावर जावं लागतं, आंब्यापाशी. मागल्या टायमाला तुमीच गेला होता ना?"

मी गेलो होतो. दर खेपेला जातो.

बायकोची शाल कमरेला गुंडाळून टेकाड चढलो. आंब्याखाली पाय ठेवताच फोन थरथरला. माझी प्रीपेड सेवा सुरू झाल्याचा मेसेज होता, आणि त्यावरची वेळ आम्ही जव्हार सोडलं तेव्हाची होती. म्हणजे मी व्याख्यान देत होतो तेव्हा सगळं आधीच झालेलं होतं. मला काही करायचंच नव्हतं.

एवढं वर आलोच आहे तर कोणाला तरी फोन करून बघावा म्हणून कचेरीतल्या सोबत्याला लावला. "प्रीपेड झालं माझं," मी सांगितलं. "नंबर तोच आहे, कार्डही तेच."

"बरं," तो म्हणाला. "मग फोन कशाला केलास?"

मी म्हटलं, आवाज येतोय का बघत होतो.

संध्याकाळी नागलीची भाकरी आणि रस्सा होता. ती तांबडीच होती का, मी विचारलं नाही. दोनदा वाढून घेतलं. सासूबाई स्वतः वाढत होत्या आणि "अजून घ्या की, पळालात किती," असं तोंडावर म्हणत होत्या.

सकाळी मी मेहुण्याची पँट घातली आणि आम्ही निघालो. ती मला घोट्याच्या बरीच वर होती. घाटात वळणावर मला मागून बायकोचं अंग हलल्यासारखं वाटलं. गाडी हळू केली आणि विचारलं, "रडतेस की काय?"

"नाही," ती कसंबसं म्हणाली. "तुम्ही पुढे बघा."