कमीत कमी, जास्तीत जास्त

कोडं सोडवलेला माझा कागद बघून मुलाखत घेणारे सर हसले, तिथंच माझं डोकं फिरलं. सोलापुरातली छोटी कॉम्प्युटर कंपनी. ही नोकरी हुकली तर पुणं गाठायचं आणि आईला मेंढरांमागं एकटी सोडायची, एवढंच मला कळत होतं.

कोडं असं: एका ओळीत उघडे कंस, मिटलेले कंस आणि मधेमधे चांदण्या. चांदणीला उघडा कंस समजा, मिटलेला समजा, नाहीतर काहीच समजू नका. आधी उघडा, मग मिटलेला, असा प्रत्येक कंसाला जोडीदार मिळतो का, ते प्रोग्रॅमनं सांगायचं. मी दोनच आकडे धरले: आत्ता कमीत कमी किती कंस उघडे, आणि जास्तीत जास्त किती.

"हे इंटरनेटवरून पाठ केलंय," सर म्हणाले.

पाठ? आम्ही सांगोल्याकडचे मेंढपाळ. आई मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी उभी राहून मोजते. मेंढरू बाहेर गेलं की एक वाढवायचं, आत आलं की एक कमी. धुरळ्यात एखादं दिसलंच नाही, तर ते गेलं, आलं की नुसतं दारात घुटमळलं, कोण सांगणार? म्हणून ती दोन आकडे धरते, "कमीत कमी इतकी भाईर, लई झाली तर इतकी." मोठा आकडा शून्याखाली गेला, तर दुसऱ्याचं मेंढरू आपल्यात घुसलंय. शेवटी लहान आकडा शून्यावर आला नाही, तर आपलं एखादं बाहेरच राहिलंय. मी सरांना हे सगळं सांगितलं.

त्यांनी फळ्यावर आधी चांदणी काढली, मग उघडा कंस. माझ्या रीतीनं ते जुळत नव्हतं.

"चांदणीला मिटलेला कंस समजा की. झाली जोडी. चूक मान्य करा."

मी म्हणाले, "न्हाय सर. चांदणी आधी आलीय. जे अजून बाहेर पडलंच न्हाय, ते आत कुठनं येणार?"

सरांनी फळा पुसला.

"सोमवारपासून या. फक्त ते मेंढरांचं इथं कुणाला सांगू नका. पुस्तकात वाचलं म्हणा."

हातातोंडाशी आलेला घास होता. "मग राहू द्या सर," मी म्हणाले. "आईनं शिकवलेलं मी पुस्तकाच्या नावावर घालणार न्हाय."

पुण्याला निघाले तेव्हा आई एवढंच म्हणाली, "बरं केलंस." एसटीत मी लई रडले. पण चुकलं, असं अजून वाटत नाही.