न पडलेले बिरूनाना

बिरूनाना एका पायावर उभे राहून तंबाखू मळत. दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवलेला, अंगठा तळहातावर फिरतोय आणि शेजारच्याशी गप्पा चालू. माझ्या हातातलं घड्याळ दहा सेकंद ओलांडून तिसऱ्या मिनिटात गेलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पोरी, सुरू कवा करायचं?"

मी फिजिओथेरपिस्ट. म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून व्यायामाचे वर्ग घ्यायला साताऱ्याहून आठवड्यातून दोनदा रहिमतपूरला जात असे. एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत वीसेक माणसं जमत. दहा सेकंद एका पायावर उभं राहणं हा आमचा अवघड धडा. एक निवृत्त सुभेदार चौथ्या सेकंदाला भिंत धरत आणि भिंतच जवळ आली म्हणून सांगत. नानांचा जन्म मेंढरांमागे गेलेला. मेंढरं चरत असताना काठीवर रेलून एका पायावर उभं राहणं ही त्यांची विश्रांती. त्या विश्रांतीला व्यायाम म्हणायला मी कॉलेजात साडेचार वर्षं घालवली होती.

मग ते वर्गात कशाला आले? तर ते पडले होते. मुलगा शिवाजी शाळेत क्लार्क. त्याने नवं घर बांधलं, तोंड दिसेल अशी फरशी घातली आणि त्या फरशीवर, बाथरूममध्ये नाना घसरले. मनगट मुरगळलं, तेवढंच. "डोंगरात जल्मात पडलो न्हाई, आन् मोरीत पडलो," असं ते भेटेल त्याला सांगत. त्यांना पडण्याची नाही, जागेची लाज वाटत होती.

शिवाजी मात्र घाबरला. दिवाळीनंतर पुतण्याची मेंढरं कोकणात निघतात आणि नाना दरवर्षी त्यांच्याबरोबर चालत जात. या वर्षी मुलाने अट घातली: मॅडमनी 'पडणार नाहीत' असं लिहून दिलं तरच जायचं. नानांना व्यायाम नको होता, तो कागद हवा होता.

कागदासाठी त्यांनी माझं सगळं ऐकलं, फक्त गप्प बसून ऐकलं नाही. टाचेला अंगठा लावून रेषेवरून चालायला सांगितलं, तर म्हणाले, "आगं, आसं चालणारं मेंढरू आमी बाजारात घेत न्हाई." रबरी चटई अंथरली की, "ह्यो गालिचा काढ गं. पायाला भुई कळू दे." त्यांचं बरोबर होतं. पण चटई वर्गाच्या सामानात आली होती, म्हणून मी ती अंथरत राहिले.

शेवटच्या दिवशी परीक्षा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. वेळ मी मोजणार. नाना जमिनीवरून हात न लावता उठत, पण खुर्ची त्यांच्या आयुष्यात लग्नकार्यापुरतीच आलेली. प्लॅस्टिकची खुर्ची मागे पळेल म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. कशीबशी सोडली, तीन मीटर गेले आणि थांबले. मागे वळून कुणी रेंगाळलंय का, हे साऱ्या वर्गावरून नजर फिरवून पाहिलं.

"नाना, भराभर या!" मी ओरडले.

"का गं? लांडगं आल्यात व्हय?"

वर्ग हसला. घड्याळ हसलं नाही. मी फॉर्मवर खूण केली: पडण्याचा धोका जास्त.

नापास खुर्ची झाली होती, नाना नव्हे, हे मला दिसत होतं. पण फॉर्मवर खुर्चीसाठी रकाना नव्हता. आणि उद्या घाटात काही झालं असतं तर कागदावर सही माझी असती. मी भ्याले, हे सरळच सांगते. नानांनी विचारलं, "काय लिवलंस?" मी म्हटलं, "थोडं जपा, एवढंच."

"मग जपून जातो की," ते म्हणाले आणि फॉर्म खिशात घालून खुशीत घरी गेले. घरी शिवाजीने तो कागद वाचला.

मेंढरं नानांवाचून कोकणात गेली. सहा महिन्यांनी, आमच्या नियमाप्रमाणे, मी पाहणीसाठी नानांच्या घरी गेले. शिवाजीने वडिलांसाठी मऊ गादीची आरामखुर्ची आणली होती, खोलीतच कमोड बसवलं होतं आणि दंड धरायला एक बाई ठेवली होती. पोरगा खरंच जीव लावणारा. नानांच्या पोटऱ्या मात्र सुकून गेल्या होत्या.

"मॅडम, तुमी सांगितलं तसंच केलं बघा," तो अभिमानाने म्हणाला. "सहा म्हैन्यात एकदाबी पडले न्हाईत."

'किती वेळा पडले?' या प्रश्नापुढे मी शून्य लिहिलं. आमच्या अहवालात नाना सर्वांत यशस्वी ठरले.

मग मी त्यांना उठायला सांगितलं. त्यांनी दोनदा जोर लावला आणि दोन्ही वेळा मागे बसले. मी मान खाली घातली. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. उलट माझीच समजूत काढावी तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"वाईट नको वाटून घिऊस, पोरी," ते म्हणाले. "पडायलाबी आदी हुबं ऱ्हावं लागतंय."