ब्रदर ब्रॅटन नाही म्हणाले होते

क्लिओफस ब्रॅटन यांच्या शेजारी मी नऊ वर्षं एकाच गाडीत बसलो, तरी त्यांच्या बायकोचं नाव मला त्यांच्या अंत्यविधीच्या पत्रिकेत वाचून कळलं. ती कधी गेली, त्यांना मुलं का नव्हती, संध्याकाळी घरी जाऊन ते काय करत, यातलं मला काही माहीत नाही. त्यांच्यावर लिहायला दुसरं कोणी बरं होतं. पण त्या दिवशी ते जे बोलले ते कानांनी ऐकलेला, आमच्या बाजूचा माणूस मी एकटाच उरलो आहे. मी ऐंशीचा झालो. आता नाही लिहिलं तर राहून जाईल.

आमच्या हेल्म्स बेंड गावची निम्मी माणसं कापसाचं काम संपल्यावर वर उत्तरेला, शिकागोला गेली. तिथे चाळीस-पन्नास वर्षं राहिली, घरं केली. पण पुरायचं मात्र इथेच, आईच्या शेजारी, असं बहुतेकांनी सांगून ठेवलेलं असायचं. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी मेम्फिसच्या विमानतळावर शवपेटी यायची आणि ओडम यांच्या अंत्यविधीच्या पेढीची काळी गाडी ती आणायला जायची. गाडी ब्रॅटन चालवत; चर्चच्या रिवाजाने सगळे त्यांना ब्रदर म्हणत. पेटी उचलायला मी.

ते उन्हाळ्यातही टाय आणि हॅट घालत. गाडी एका वेगाने चालवत, ना कमी ना जास्त. आणि गाव जवळ येऊ लागलं की मागच्या माणसाशी बोलत.

"मिस्टर पर्व्हिस, ही बघा तुमची शाळा. छप्पर गेलं हो. आणि तो तुमचा चुलत भाऊ, अजून तसाच ओट्यावर बसलाय, कामाला काही लागला नाही."

पहिल्यांदा मला फार संकोच वाटला. मी विचारलं, "ब्रदर ब्रॅटन, त्यांना ऐकू जातं का?"

"तुला तरी कुठे जातं, एल्झी? तरी तुझ्याशी बोलतोच ना मी?"

अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये आम्ही मिसेस आर्डेलिया स्टोक्स यांना घेऊन येत होतो. बाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. त्यांची धाकटी बहीण मिस लुवेनिया गावात वाट पाहत होती. दोघींची सोळा वर्षांत भेट नव्हती. दुपारी दोनच्या सुमाराला, गाव पंचवीस मैलांवर असताना, मागे पोलिसांच्या गाडीचा निळा दिवा लागला.

ब्रदर ब्रॅटननी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दोन्ही हात चाकावर ठेवले. मला म्हणाले, "हात मांडीवर, उघडे. खिशाकडे नेऊ नकोस."

शेरीफचा डेप्युटी पंचविशीतला होता. उन्हाने मान लाल झालेली.

"पांढऱ्या पट्ट्यावरून चाक गेलं तुमचं."

"असेल साहेब. परवाना कोटाच्या आतल्या खिशात आहे. काढू का?"

"काढा."

त्याने कागद पाहिले. मग मागच्या काचेतून आत पाहिलं. "कुठून आणलंत हे?"

"शिकागोहून विमानाने मेम्फिसला. तिथून आम्ही."

"शिकागोहून बरंच काय काय येतं इकडे. पेटी उघडून दाखवता का?"

"नाही साहेब," ब्रदर ब्रॅटन म्हणाले. "झडतीला माझी संमती नाही. आणि आत मिसेस आर्डेलिया स्टोक्स आहेत, त्यांना विचारण्याची सोय नाही."

ही भाषा त्यांच्याकडे कुठून आली ते मी कधी विचारलं नाही. साठच्या दशकात चर्चच्या तळघरात वकील येत आणि पोलिसांनी रस्त्यात अडवलं तर काय बोलायचं ते आम्हा काळ्या माणसांकडून घोकून घेत. मीही एकदा गेलो होतो. मागच्या बाकावर बसलो आणि प्रश्नोत्तरांच्या आधी निघून आलो.

"लपवायचं काही नाही, तर अडचण काय?"

"अडचण काही नाही साहेब. संमती नाही एवढंच. आम्ही अटकेत आहोत का? नसलो तर निघतो. घरची माणसं खोळंबली आहेत."

"माल हुंगणारा कुत्रा येईपर्यंत कुठे जायचं नाही." मग तो वाकून माझ्याकडे बघायला लागला. "आणि तू? तुझं काय म्हणणं?"

मी माझ्या उघड्या हातांकडे बघत राहिलो.

कुत्रा यायला सव्वा तास लागला. इंजिन लावायची परवानगी नव्हती, म्हणजे गाडीतली थंड हवा बंद. ब्रदर ब्रॅटननी विचारून कोट काढला आणि बाहेरून काचेवर धरून उभे राहिले, पेटीवर ऊन येत होतं त्या बाजूला. सदरा पाठीला चिकटला होता. शेजारून येणारी-जाणारी माणसं मान वळवून बघत होती. मध्येच ते काचेतून म्हणाले, "थोडा उशीर होतोय, बाई. माफ करा."

कुत्रा आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि चाकाजवळच्या सावलीत जीभ काढून आडवा झाला. कुत्रेवाल्याने खांदे उडवले. मला वाटलं, सुटलो. पण आता त्या तरुण डेप्युटीला दोन माणसांदेखत मागे फिरणं जड गेलं असावं. त्याने मागचं दार उघडलं.

ब्रदर ब्रॅटननी हॅट काढली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "साहेब, मी संमती दिलेली नाही. मी नाही म्हणालोय, हे लिहून घ्या."

मी तीन फुटांवर होतो.

त्याने झाकण उघडलं. मिसेस स्टोक्सना फिकट जांभळा पोशाख होता, नातीने केसांच्या लाटा बसवलेल्या होत्या. डेप्युटीचा हातमोजा घातलेला हात उशीखाली गेला, कमरेजवळ गेला, पायांशी गेला. काही सापडलं नाही. "जा," तो म्हणाला. ब्रदर ब्रॅटननी केस नीट करायचा प्रयत्न केला, पण लाट पुन्हा बसेना. उरलेले पंचवीस मैल ते मागे एक शब्द बोलले नाहीत.

मिस लुवेनियाला त्यांनी अंगणातच खरं ते सांगितलं. ओडम डोळ्यांनी खुणावत होते, तरीही.

"त्यांनी उघडली, ताई. मी नाही म्हणालो होतो."

"तू नाही म्हणालास ना?"

"तीनदा."

"मग झालं," मिस लुवेनिया म्हणाली आणि कंगवा मागितला.

पण झालं नाही. ब्रदर ब्रॅटननी तक्रार केली, तेव्हा त्या दिवशीचा पोलिसांचा कागद हातात आला. त्यावर लिहिलं होतं, चालकाने स्वखुशीने संमती दिली.

एवढं खचलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "एल्झी, मला कोणाची नोकरी घालवायची नाही. पण यात लिहिलंय की मी बाईंना उघडून दिलं. माझ्या गाडीत बसलेल्या बाईंना. तेवढी एक ओळ खोडून हवी. तू फक्त ऐकलंस ते सांग."

"सांगतो की," मी म्हणालो.

तक्रारीच्या चौकशीच्या आदल्या दिवशी हॅस्केल ओडमनी मला मागच्या खोलीत बोलावलं. वडिलांमागे पेढी त्यांच्याकडे येऊन दोनच वर्षं झाली होती.

"एल्झी, आपल्या प्रत्येक अंत्ययात्रेपुढे रस्ता मोकळा करायला शेरीफची गाडी असते. उद्या ती आली नाही तर चौकाचौकात प्रेत घेऊन उभं राहावं लागेल. मी तुला खोटं बोल म्हणत नाही. पण रस्त्यावर ट्रक होते. ऐकू आलं असेल, नसेल."

दुसऱ्या दिवशी टेबलापलीकडे तिघे बसले होते. मधल्याने मला विचारलं, "ब्रॅटन यांनी पेटी उघडायला नकार दिला का?"

ब्रदर ब्रॅटनची हॅट त्यांच्या गुडघ्यावर होती. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्यावर दडपण नको म्हणून असेल.

"ट्रक जात होते साहेब," मी म्हणालो. "मला नीट ऐकू आलं नाही."

चार मिनिटांत सगळं आटपलं. बाहेर पायऱ्यांवर मिस लुवेनियाने मला गाठलं.

"एल्झी, तुझी आई असती त्या पेटीत, तर आलं असतं का रे ऐकू?"

"राहू द्या, ताई," ब्रदर ब्रॅटन म्हणाले. "चला, तुम्हाला घरी सोडतो."

गावात कागदावर विश्वास ठेवणारे निघालेच. एकदा न्हाव्याच्या दुकानात मी खुर्चीत असताना ते आत आले, तर कोणीतरी म्हणालं, "ब्रदर ब्रॅटन, माझ्या पेटीला झाकणच लावू नका हं. शेरीफला उगाच त्रास." सगळे हसले. माझ्या गळ्याशी वस्तरा होता, हे निमित्त मला पुरलं. ब्रदर ब्रॅटन आपली पाळी न घेता निघून गेले.

ओडमनी त्यांना गाडीवरून काढून दफनभूमीचं गवत कापायला लावलं. महिन्याभराने त्यांनी तेही सोडलं. गाडी मला मिळाली. शिकागोहून फोन यायचे, "आईला आणायला ब्रदर ब्रॅटनच येतील ना?" ओडम म्हणायचे, "हल्ली त्यांची तब्येत बरी नसते." मी शेजारी उभा असायचो. मी मागच्या माणसाशी कधी बोललो नाही. मला ते जमलं नसतं.

पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत ते गेले. मीच त्यांना दफनभूमीत नेलं, शेरीफची गाडी पुढे होती. ती ओळ अजून तशीच असेल. माझं चुकलं, असं मी त्यांना एकदाही म्हणालो नाही. संधी मात्र होती. आदल्या ऑक्टोबरमध्ये पेट्रोल पंपावर ते मला भेटले होते. मी काळी गाडी घेऊन उभा होतो. ते हातात दुधाचा डबा घेऊन आले आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"पुढच्या डाव्या टायरात हवा कमी दिसतेय," ते म्हणाले.

"हो का? भरून घेतो सोमवारी."

"मेम्फिसला कधी जायचंय?"

"मंगळवारी."

"मग सोमवारी चालेल," ते म्हणाले.