जवळची फळी

रावजी आमच्या सरकारी दवाखान्यात रेकॉर्ड रूमचा कारकून. सरकारी म्हटलं की तुम्ही म्हणाल पेंगत असेल, पण हा बाबा वेगळाच. मागच्या खोलीत चाळीस हजार केसपेपर, आणि खिडकीशेजारी एकच फळी, दोनशे कागद मावतील एवढी. वरचेवर येणाऱ्या पेशंटचे कागद तिथं. महिनाभर कुणी मागितला नाही, की तो कागद मागच्या खोलीत. नाव सांगायचा अवकाश, कागद हातात! नर्स म्हणून मला त्याचं कौतुक होतं.

चौऱ्याहत्तर साली त्याची बायको कस्तुराबाई किडनीच्या दुखण्यानं गेली. महिना उलटला तरी तिचा कागद फळीवरच. मी डोळेझाक केली. मग इतर मेलेल्यांचेही कागद राहू लागले. विचारलं तर म्हणाला, त्यांनाबी माणसं व्हतीच की, मी कोण त्यांना मागं ढकलणार. वर्षभरात निम्मी फळी त्यांनीच अडवली आणि जित्या पेशंटांचे कागद मागच्या खोलीत जाऊन पडले. मी त्याला फाडफाड बोलले. तो ऐकून घ्यायचा आणि कागद तिथंच ठेवायचा. शेवटी, मरू दे, म्हणून मी नाद सोडला. तिथंच माझं चुकलं.

पुढच्या वर्षी माढ्याच्या बजाबाईंना पायाच्या जखमेपायी तापानं फणफणलेल्या अवस्थेत आणलं. शुद्ध नव्हती. दर पंधरवड्याला यायच्या, म्हणजे कागद फळीवरच हवा होता. पण रोज दीडशे सुया टोचणारीला कुणाचं काय लक्षात राहणार? कागद मागवला. रावजी मागच्या खोलीत शोधत राहिला. अर्धा तास गेला. डॉक्टर म्हणाले, विष चढतंय, पेनिसिलिन द्या. मी सुई दिली. पाच मिनिटांत त्यांचा श्वास कोंडला, आणि गेल्या.

तेवढ्यात रावजी धावत आला. कागदावर लाल शाईनं लिहिलं होतं, पेनिसिलिन देऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फळी रिकामी करायला घेतली. पहिला कागद कस्तुराबाईचा काढला आणि तेवढाच मागं ठेवून आला. मग एकेक करत बाकीच्या मेलेल्यांचे सगळे. शेवटी बजाबाईंचा कागद घेऊन माझ्यापुढं उभा राहिला.

"सिस्टर, ह्यो तुमी ठिवा. माझ्याच्यानं व्हत न्हाय."

मी कागद घेतला आणि मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. पुढं मलाही पाऊल टाकवेना. एवढं त्याला बोलणारी मी, कागद पोटाशी धरून तिथंच खाली बसले आणि रडले.