वछेरी शिकली ते वर्ष

मार्गशीर्ष लागला की आमच्या दारावरून सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे जायला लागतात. हल्ली बरेचसे ट्रकमध्ये उभे राहून येतात, फळीवरून नुसती मान दिसते. पण एखादा हौशी मालक अजूनही लगाम धरून पायी निघालेला असतो, आणि तो दिसला की मी हातातलं निवडण खाली ठेवून ओट्यावर येते. परवा असाच एक पांढरा घोडा समोरून चालला होता आणि मागच्या ट्रकच्या भोंग्याने एकदम बिथरला. मालक तरुण होता. त्याने लगाम खेचला नाही, शिवीही दिली नाही. घोड्याच्या मानेला गाल लावून काहीतरी पुटपुटत राहिला आणि खिशातून गुळाचा खडा काढून त्याने तळहातावर धरला. घामाचा, चामड्याचा आणि गुळाचा एकत्र वास माझ्यापर्यंत आला, आणि मी या वयाची, या ओट्यावरची राहिलेच नाही. तापीकाठच्या आमच्या गावात, मागच्या खळ्यात, परकराचा ओचा सावरत उभी असलेली दहा वर्षांची मुलगी झाले.

आमचं घर पाटलाचं. पहिली मोठी लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. पाटीलकीबरोबर घरात दोन गोष्टी आपोआप आल्या होत्या, एक घोडी आणि एक बंदूक. बंदूक ठासणीची होती. नळीत दारू घालायची, चिंध्या कोंबायच्या, गजाने ठासायचं, आणि मग चाप ओढला की असा काही आवाज व्हायचा की पिंपळावरचे बगळे नदीपार जायचे. एरवी ती शेतात शिरणाऱ्या डुकरांसाठी असे. पण तिचा खरा मानाचा दिवस म्हणजे दसरा. शिलंगणाला सगळं गाव वेशीबाहेर शमीपाशी जमायचं, पूजा व्हायची, आणि पाटलाच्या घरातला पुरुष आभाळात बार काढायचा. त्याशिवाय कुणी सोनं लुटायचं नाही. आजोबांनी तो मान कित्येक वर्षं सांभाळला आणि त्यात उजवा कान गमावला. त्याचं त्यांना दुःख नव्हतं, उलट मिशीवर हात फिरवत ते सांगायचे, "कान गया ते चाली, पन नाक जावाले नको." त्यांच्याशी बोलायचं तर आम्हांला डावीकडून ओरडावं लागे. माझ्या आवाजाला आजही लोक नावं ठेवतात, त्याचं मूळ तिथे आहे.

त्यांच्या हयातीतच बार काढायचा मान आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आला. आबा उंच, अबोल, कपाळावर सदा एक आठी. मिसरूड फुटायला लागलं तेव्हापासून त्यांनी एकही दसरा चुकवला नव्हता. आणि त्यांच्यानंतर कोण, हे विचारायचं कारणच नव्हतं. माझा दादा चौदावं संपवत होता. हातापायांनी एकाएकी लांब झालेला, आवाज फुटलेला, आणि जनावरांत इतका रमणारा की म्हैस अडली तर लोक त्याला बोलवत. सगळं छान होतं, फक्त बाराचा आवाज त्याला सोसत नसे. लहानपणी तो बार व्हायच्या आत कुठेतरी सटकायचा आणि कुणाच्या लक्षात यायचं नाही. त्या वर्षी मात्र आजोबांनी त्याला शमीपाशी, आबांच्या शेजारीच उभं केलं, सगळ्यांच्या देखत. पुढच्या वर्षी बंदूक याच्या हातात, असं जाहीरही केलं. आबांनी चाप ओढला. धूर विरला तेव्हा दादा जागेवर नव्हता. शेजारच्या ज्वारीत, दोन ओळींच्या मध्ये, कानांत बोटं घालून तो बसलेला सापडला, आणि गाव हसलं. गाव हसतं तेव्हा फार वाईट हसतं. पाटलाच्या घरी दोन मुली झाल्या, असं कुणीतरी म्हणालं. दोघींपैकी एक मी होते, म्हणून मला ते दुप्पट लागलं.

त्या काळी मुलगा वाढवणं म्हणजे त्याला कठीण करणं, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. लाडाने पोर बिघडतं आणि छडीने सुधारतं, हे शाळेत गुरुजी सांगत, देवळात म्हातारे सांगत आणि घरात कुणी नाही म्हणत नसे. बापाने तर वडीलधाऱ्यांसमोर आपल्या लेकराला हातसुद्धा लावायचा नाही, अशी रीत होती. तान्हं मूल रांगत बापाच्या पायाशी आलं तरी बाप आढ्याकडे बघायचा, कारण खाटेवर त्याचे वडील बसलेले असत. आबांनी मला कधी उचलून घेतल्याचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की आजोबा गावाला गेले की आबांच्या उपरण्यात आमच्यासाठी रेवड्या निघत.

आजोबांनी उपाय ठरवला. दर बाजाराच्या दिवशी सकाळी दादाने मागच्या कडुनिंबाखाली हात मागे बांधून उभं राहायचं आणि आबांनी त्याच्या डोक्यावरून बार काढायचा. भीती मोडेपर्यंत. आजोबांचा शब्द म्हणजे शब्द. आबा निमूट बंदूक भरत, निमूट चाप ओढत आणि निमूट शेतावर निघून जात. दादा पळाला नाही. पण बाजाराच्या आदल्या दिवसापासून त्याच्या घशाखाली घास उतरेना. खालच्या ओठावर दातांचे व्रण कायमचे राहिले. जो मुलगा म्हशीशी तास तास बोलत बसायचा, तो आमच्याशी बोलेनासा झाला. माय चुलीपाशी बसून हे बघायची आणि भाकरी थापता थापता तिचे हात मधेच थांबायचे.

त्याच पावसाळ्यात आमची जुनी घोडी गेली होती, म्हणून यात्रेतून आबांनी एक वछेरी, म्हणजे कोवळी घोडी, आणली. तांबूस रंग, कपाळावर पांढरा टिळा, चाल अशी की रस्त्यावरची माणसं वळून बघत. स्वस्तात मिळाली, कारण तिला खोड होती. भांडं पडलं तरी ती चारी पायांवर उडायची. दसऱ्याला हिच्यावरूनच शिलंगणाला जायचं आणि हिच्या जवळच बार निघायचा, तेव्हा वर्षभरात तिची भीती घालवणं आलं. आणि इथे मी माझ्या वडिलांचं एक वेगळंच रूप पाहिलं. रोज संध्याकाळी आबा तिच्या तोंडाला भिजवलेल्या हरभऱ्याचा तोबरा बांधायचे, आणि ती खाण्यात रंगली की दूर बांधावर गडी एक रिकामा डबा वाजवायचा. अगदी हळू. वछेरीने कान टवकारले की आबा तिच्या मानेवरून हात फिरवत राहायचे, तिच्याशी बोलायचे. हो, बोलायचे! आमच्याशी दिवसाला दोन वाक्यं बोलणारा तो माणूस घोडीशी काय बोलायचा, देव जाणे. ती स्वस्थ झाली की गुळाचा खडा. दुसऱ्या दिवशी डबा थोडा जवळ. एखाद्या दिवशी ती फार बिथरली तर आबा म्हणायचे, आज पुरे, आणि गड्याला पुन्हा लांब पाठवायचे. हे सगळं चाललेलं असताना दादा खळ्याच्या भिंतीला टेकून एकटक बघत असायचा. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं, ते मला कळायला बरीच वर्षं जावी लागली.

चैत्रातली संध्याकाळ असेल. डबा वाजला, वछेरी उधळली आणि गड्याचा पाय तिच्या खुराखाली आला. तो चिडला. त्याने हातातला चाबूक तिच्या पाठीवर सपकन ओढला. आबा त्याच्यावर असे धावून गेले की मी घाबरून मायच्या पदराआड गेले. चाबूक हिसकावून भिरकावून देत आबा ओरडले, "जनावर भ्यायनं, ते त्यान्हा काय गुन्हा?"

माय हरभऱ्याची पाटी घेऊन आली होती. डोक्यावरचा पदर तिने आणखी पुढे ओढला. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती, म्हणून ती बोलली ती वछेरीकडे बघून. आवाज चढवला नाही, शब्दही स्वतःचे वापरले नाहीत. "आन् आंडोर भ्यायना, ते त्यान्हा काय गुन्हा?" एवढं म्हणून पाटी खाली ठेवली आणि ती घरात निघून गेली. आंडोर म्हणजे मुलगा. आमच्या बोलीत हा शब्द उच्चारतानाच जीभ मऊ होते. आबा कितीतरी वेळ घोडीच्या आयाळीत बोटं घालून तसेच उभे होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कडुनिंबाखाली कुणी गेलं नाही. आजोबांनी खाटेवरून हाक दिली, "काय रे, बंदूक नही काढनी आज?" आबा त्यांच्या डाव्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "दारू सरनी, बाबा." त्याच्या पुढच्या वेळी दारू ओली झाली होती. मग गज वाकला. मग पावसाने वेळच मिळेना. जन्मात खोटं न बोललेला माझा बाप त्या काही महिन्यांत इतक्या थापा मारायला शिकला की एखाद्या बाजारातल्या दलालाने कान धरावेत. आणि दादा जेवायला लागला. श्रावणात त्याने आबांच्या हातून तोबरा घेतला आणि स्वतः वछेरीला भरवू लागला. डबा आता अगदी अंगणात वाजत होता. मग दूर बांधावर थोडीशी दारू पेटायला लागली. तेव्हा मात्र दादा तोबरा आबांकडे देऊन घरात जायचा, आणि आबा त्याला जाऊ द्यायचे.

पण दसऱ्यापुढे थाप चालत नाही. वेशीबाहेर सगळं गाव जमलं होतं, आणि खरं सांगायचं तर अर्धं गाव बाराला नव्हे, पाटलाच्या पोराला बघायला आलं होतं. वछेरी झेंडूच्या माळा घालून नवरीसारखी उभी होती. पूजा झाली. आजोबांनी भरलेली बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरली आणि नातवापुढे केली. दादा पुढे झाला. त्याचा रंग राखेसारखा झाला होता, तरी त्याने हात पुढे केले. मला वाटलं आता हा पडणार, नाहीतर पळणार, आणि मग आम्हांला या गावात जन्मभर मान खाली घालून राहावं लागणार. तेवढ्यात आबांनी मधेच हात घालून बंदूक उचलली आणि बाजूला उभ्या असलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या, म्हणजे काकांच्या हातात दिली.

"आन् हाऊ?" आजोबा दादाकडे बोट करून गरजले.

आबा ज्या आवाजात उत्तरले तो आवाज डाव्या कानालाच काय, शेवटच्या ओळीतल्या म्हातारीलाही ऐकू गेला असेल. "त्याले भेव वाटस, बाबा. वाटू द्या."

"गाव हासी!"

"हासू द्या."

आणि मग माझ्या वडिलांनी, ज्यांनी वडीलधाऱ्यांपुढे कधी आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता, त्यांनी आपल्या वडिलांसमोर, पंचांसमोर, सगळ्या गावासमोर दादाला पुढ्यात घेतलं आणि मागून त्याच्या दोन्ही कानांवर आपले तळवे घट्ट दाबले. काकांकडे बघून मान हलवली. बार झाला. वछेरीने एक कान वळवला आणि पुन्हा गवताला तोंड लावलं. दादाचे डोळे घट्ट मिटलेले होते, पण तो जागेवर होता. कुणीतरी हसायला सुरुवात केली, पण त्याला सोबत मिळाली नाही. लोक सोनं लुटायला वळले. माझी छाती अशी भरून आली होती की मी शेजारच्या मुलीला उगाचच सांगितलं, ते माझे वडील आहेत. जसं काही तिला ते माहीतच नव्हतं!

आजोबा दिवाळीपर्यंत आबांशी बोलले नाहीत. फराळाला मात्र त्यांनी दादाला शेजारी बसवून घेतलं. पुढच्या दसऱ्याला काकांनी बार काढला तेव्हा दोन-तीन बापांच्या धोतराआड पोरं उभी दिसली आणि त्यांना कुणी ओढून पुढे आणलं नाही. तुम्ही आता वाट बघत असाल की पुढे दादाची भीती गेली आणि त्याने एखादा वाघ मारला. तसं काही झालं नाही. वछेरी शिकली, दादा शिकला नाही. पाटीलकी आली तेव्हाही तो बाराच्या वेळी सरळ कानांवर हात ठेवायचा आणि विचारलं तर सांगायचा, मले भेव वाटस. पण त्यामुळे एक झालं. गावात ज्याला ज्याला कशाची भीती वाटे, तो रात्री-अपरात्री आमच्याच ओट्यावर येऊन बसे. ज्याच्यापुढे भीती कबूल करायला लाज वाटत नाही असा पाटील माझ्या माहितीत तो एकटाच झाला, आणि तो माझा भाऊ होता याचा मला आजही ताठा आहे.

मुलं वाढवायच्या रीती नंतर पुष्कळ बदलल्या. माझे नातू बापाच्या खांद्यावर चढून त्याचे केस ओढतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. बदल कुठून सुरू होतो ते सहसा सापडत नाही, पण आमच्या घरापुरतं मी बोट ठेवून दाखवू शकते. निदान मी तसं समजत होते. आबा गेले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि त्या दुपारी दादा आणि मी खळ्यात बसलो होतो. बोलता बोलता त्या दसऱ्याचा विषय निघाला. तेव्हा दादा म्हणाला, "तुले एक सांगू, बाई? आबा जित्ता व्हतात तवर मी कोनले सांगं नही. बार व्हयना ना, तवय मन्हा कानवरना आबाना हात दचकनात."

मिसरूड फुटल्यापासून दर दसऱ्याला चाप ओढणारा, कडुनिंबाखाली निमूट बंदूक भरणारा माझा बाप. इतकी वर्षं तो आवाज त्याच्याही काळजातून जात होता, आणि त्याच्या कानांवर हात ठेवायला कधी कुणी आलं नव्हतं.