कोळ्याच्या डोक्यावरचा ढग

बायकोच्या ताटल्यांबद्दल सिरिल पॉबजॉयला एकच गोष्ट ठाम माहीत होती, ती म्हणजे त्यांत जेवता येत नाही. बाकी सगळा कारभार थेल्माचा. ब्रिस्टल शहराच्या ब्रिस्लिंग्टन भागातल्या त्यांच्या चिमुकल्या घरात, पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ही मंडळी उभी असायची. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आसपासच्याच भट्ट्यांतून निघालेली, कथलाच्या पांढऱ्या झिलईची, निळ्या रंगाने रंगवलेली, आणि एकजात फुटकी! कुणाला तडा, कुणाचा टवका उडालेला, कडा तर सगळ्यांच्याच उंदरांनी कुरतडल्यासारख्या. डेल्फ्ट म्हणतात या भांड्यांना. नाव हॉलंडचं असलं तरी ही आमच्या ब्रिस्टलची पोरं आहेत, हे थेल्मा कुणी न विचारताच सांगायची.

"धड ताटली काय, कुणीही जपेल," ती म्हणायची. "फुटल्यावरसुद्धा जी कुणाला टाकवली नाही, तिच्यात काहीतरी असणारच ना?"

"असणारच की. धूळ," सिरिल म्हणायचा.

माणूस वाईट नव्हता हो. दर शनिवारी तिला गाडीत घालून कुठल्या ना कुठल्या गावच्या जुन्या बाजारात न्यायचा, आणि ती आत हरवली की बाहेर गाडीत पेपर, चीज-लोणच्याचं सँडविच आणि थर्मास घेऊन बसायचा. "आत ये की जरा," म्हटलं तर "कशाला? घरात खापऱ्या कमी पडल्यात?" हे उत्तर ठरलेलं. उभी हयात त्याने नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर काढली होती. तिथे शेवाळ धरलं तर ब्लीच, फरशी पिवळी पडली तर ब्लीच. निवृत्त झाल्यावरही ही श्रद्धा काही ढळली नाही. पाद्रीबुवांपेक्षा त्याचा ब्लीचवर जास्त भरवसा होता म्हणा ना.

कपाटातल्या मंडळींत थेल्माचा जीव अडकला होता तो एका कोळ्यात. ताटलीच्या मधोमध गळ टाकून बसलेला एक माणूस. रंगवणाऱ्याला घाई झाली असावी, कारण नाक एकाच फटकाऱ्यात उरकलेलं आणि गळाची दोरी पाण्यापर्यंत पोचलेलीच नाही. ताटली कधीकाळी दुभंगलेली आणि मागून पितळी टाके घालून सांधलेली. वरच्या अर्ध्या आभाळावर एक तपकिरी डाग पसरला होता. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं तूप-तेल कधी मुरलं असेल, देव जाणे.

"बघ ना बिचाऱ्याच्या डोक्यावर कायमचा ढग," थेल्मा येता-जाता हळहळायची.

"तुझ्या त्या कोळ्याची जेवढी काळजी करतेस, तेवढी माझी केली असतीस तर!" सिरिल म्हणायचा.

"त्याने आजवर मला एकदा तरी टोमणा मारलाय का?"

हिवाळा संपता संपता थेल्माच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. चालणं बंदच झालं होतं तिचं. निघण्याच्या सकाळी तिने सिरिलला कपाटासमोर उभा केला.

"आमच्या डेल्फ्ट मंडळाच्या वसंतातल्या बैठकीला मी कोळ्याला नेणार आहे. मिस लस्कमला शब्द दिलाय. तोवर फक्त धूळ झटक. मऊ ब्रशने. बाकी काही नाही. ऐकतोयस ना?"

"धूळ. ब्रश. कळलं. चल आता, उशीर होतोय."

घर रिकामं झालं आणि सिरिलला ते खायला उठलं. तो धूळ झटकू लागला. कोळ्यापाशी आला की त्या ढगावर नजर जायची. इतकी वर्षं थेल्मा त्यावरून हळहळत आलेली, आणि आपण काय केलं? गाडीत सँडविच खाल्लं. ती घरी येईल, कपाट उघडेल आणि बघते तर आभाळ लख्ख! तिचा चेहरा कसा होईल, हे त्याला आत्तापासूनच दिसायला लागलं.

त्याने बादली काढली. पुढचं तुम्हांला कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी ताटली बाहेर काढली तर ढग पार नाहीसा झालेला! शुभ्र आभाळाखाली कोळी नुकताच आंघोळ करून बसल्यासारखा. सिरिल स्वतःवरच खूश झाला. ताटली वाळायला म्हणून शेगडीवरच्या फळीवर उभी केली आणि द्राक्षं घेऊन तो इस्पितळात गेला.

"कोळी कसा आहे?" थेल्माने त्याची चौकशी करायच्या आधी विचारलं.

"बघशील तू," म्हणून तो गालातल्या गालात हसला.

आठवडा उलटला नाही तोच ताटलीवर पांढरी लव दिसायला लागली. ओल आलेल्या भिंतीला लोणा धरतो ना, अगदी तसा. सिरिलने सहज अंगठ्याने पुसायला घेतलं आणि अंगठ्याबरोबर आभाळाचा टवकाच निघून आला. आत नुसती भाजकी, उघडीबोडकी माती. त्याने हात मागे घेतला, तर शेजारचा आणखी एक टवका आपोआप खाली पडला.

तो ताटली टॉवेलात गुंडाळून मिस लस्कमकडे धावला. डेल्फ्टवाल्यांच्या मंडळाच्या त्या प्रमुख. बाई उंच, आणि बोलणं कात्रीसारखं.

"मिस्टर पॉबजॉय, काय घातलंत तुम्ही हिच्यात?"

"ब्लीच."

मिस लस्कम खुर्चीत बसल्या. "ही माती स्पंजसारखी असते हो," त्या म्हणाल्या. "कडेच्या टवक्यांतून, तड्यांतून ते सगळं आत मुरलं. आता वाळताना ब्लीचमधलं मीठ फुगतंय आणि झिलईला बाहेर ढकलतंय. पाण्यात ठेवा. स्वच्छ, गार पाणी, आणि रोज बदला. गेलं ते गेलं. उरलंय ते राहिलं तर राहील."

"थेल्माला तुम्ही सांगाल का?"

"मी? अजिबात नाही. ते तुमचं तुम्ही निस्तरा."

निस्तरतो कसला! रोज इस्पितळात जायचा, रोज ठरवून जायचा, आणि थेल्माने "कोळी कसा आहे?" विचारलं की "मजेत आहे," म्हणायचा. घरी येऊन कोट न काढता वर जायचा आणि पाणी बदलायचा. वाटेल ते करायला तयार होता तो, फक्त तेवढं एक वाक्य सोडून. एवढी मेहनत त्याने तलावावरसुद्धा कधी केली नव्हती. पण ती आता माझं तोंड पाहणार नाही, या भीतीने त्याला घास गिळवेना.

थेल्मा घरी आली ती कुबड्या टेकत थेट कपाटापाशी. बघते तर मधली जागा रिकामी.

"सिरिल, कोळी कुठे आहे?"

त्याने मनात भाषण घोकून ठेवलं होतं. तोंडून निघालं भलतंच. "आंघोळीला गेलाय."

ती जिना चढू लागली. एकेक पायरी, दर पायरीवर थांबत. तो मागून दोन्ही हात पसरून, पडली तर झेलायला. न्हाणीघराच्या दारात ती थांबली. टबात मऊ टॉवेल अंथरलेला, त्यावर पाण्याखाली ताटली. फळीवर उकडलेलं अंडं ठेवायच्या कपात, निघालेले सगळे टवके जपून ठेवलेले.

"मग तू आंघोळ कुठे करतोस?"

"खाली. स्वयंपाकघरातल्या नळाशी."

"काय केलंस तू हे?"

त्याने सांगितलं. सगळं, अगदी बादलीपासून.

"धूळ झटकायला सांगितली होती मी तुला. धूळ!"

"तूच म्हणायचीस ना... डोक्यावर ढग आलाय म्हणून."

"म्हणायचे! माणूस म्हणतो! पावसाला रोज शिव्या देतो आपण, म्हणून काय कुणी आभाळ खरवडून काढतं?" आणि ती टबाच्या काठावर बसून हमसून रडली. नवीन खुबा दुखत होता, पण रडणं काही खुब्याचं नव्हतं. सिरिल दारात नुसता उभा. जवळ जावं की जाऊ नये, हेही त्याला कळेना.

मग घरात अबोला. चहा मुकाट्याने यायचा, मुकाट्याने प्यायला जायचा. पाणी बदलणं मात्र सिरिलने एक दिवसही चुकवलं नाही. एका सकाळी तो तोटी सोडत होता, तेवढ्यात मागून आवाज आला. "कोमट नको. गार सोड." एवढंच बोलली ती. पण त्या दिवशी सिरिल भरपेट जेवला.

हळूहळू ताटली वाळवली. लोणा पुन्हा धरला नाही, आभाळ पुन्हा सुटलं नाही. पण कोळ्याच्या डोक्यावर, ढग होता तिथेच, मातकट भगदाड पडलं ते पडलंच.

बैठकीच्या दिवशी थेल्माच्या एका हातात काठी. त्यामुळे खोका सिरिलनेच चर्चच्या हॉलमध्ये आत नेला, टेबलावर ठेवला आणि सवयीने गाडीकडे वळला.

"बस," थेल्मा म्हणाली. त्याने वळून पाहिलं. तिने शेजारची खुर्ची काठीने मागे सारली होती.

या मंडळींची एक रीत आहे. ताटली हातोहात फिरवायच्या आधी मालकाने तिची दुखणी सांगायची. आधी दुखणी, मग गुण. फुटकं भांडं आणलं तर कुणी नावं ठेवत नाही, पण फूट लपवली तर त्या माणसाशी पुन्हा कुणी नीट बोलत नाही. सिरिलला हे ठाऊक होतं. मान खाली घालून तो टेबलावर ताटल्यांसाठी मांडलेल्या उशीकडे बघत राहिला. आता भर सभेत आपली चामडी सोलली जाणार, आणि जावी, असंच त्याला वाटत होतं.

थेल्माने ताटली उशीवर ठेवली.

"पहिलं दुखणं कडेचं, ते सगळ्यांचंच असतं. दुसरं, मधोमध फुटली आणि कुणीतरी टाके घातले. कुणी फोडली, कुणी सांधून घेतली, किती शोधलं मी, नाव काही मिळालं नाही." तिने भगदाडाकडे बोट केलं. "तिसरं दुखणं आभाळाचं. ते सिरिल पॉबजॉयने केलं. माझ्या नवऱ्याने. मला खूश करायला गेला आणि पार वाट लावली. मग रोज पाणी बदलून उरलेलं वाचवलंही त्यानेच."

मिस लस्कमनी घसा साफ केला. "बाथ शहरात भांडी सांधणारे एक जण आहेत. असं भरून देतात की कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"नको," थेल्मा म्हणाली. "इतक्या वर्षांत एकाच जखमेमागचा माणूस मला सापडलाय. त्याला कशाला बुजवू?"

रीतीप्रमाणे ताटली शेजाऱ्याच्या हाती द्यायची असते. शेजारी सिरिल होता. त्याने हात मांडीखाली दडवले होते.

"धर," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी."

त्याने हात पँटला पुसले आणि ताटली घेतली.