कच्चा हुकूम

आमच्या आपा सकाळी खात्यात आल्या की आधी स्वतःची हजेरी घ्यायच्या, आमची नंतर. पांढरी टोपी केसांवर ओढत त्या दारातच सांगायच्या, "आज मिजाज ठीक हाय, बिनधास्त बोला." नाहीतर, "आज घरून भांडून आले. चहापर्यंत माझा हुकूम कच्चा धरा." चिकलठाण्याच्या औषध कंपनीतल्या पॅकिंग खात्याच्या सुपरवायझरनं असं जाहीर करावं, याचं नव्या बाईला हसू यायचं. महिनाभरात ते बंद व्हायचं.

कच्चा हुकूम म्हणजे काय, ते आम्हा बायकांना पाठ होतं. चहाच्या आधी आपांनी रजा नाकारली, कुणाला झापलं, तर गप्प राहायचं. चहा झाला की पुन्हा विचारायचं. तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं तर हुकूम पक्का. निम्मे हुकूम त्यांच्या बशीतच विरघळून जायचे.

आपा शहागंजच्या. घरात उर्दू, आमच्याशी मराठी, आणि साहेबांशी दोन्हींची खिचडी. स्वतःचा मिजाज जसा त्या ओळखायच्या, तसाच आमचाही. एखादी फुगून आली की तिला सिरपच्या बाटल्यांवरून उठवून खोक्यांच्या घड्या घालायला बसवायच्या. "राग बाटलीवर काढला तर काच फुटते. खोक्यावर काढला तर घडी चांगली बसते," असं त्यांचं शास्त्र होतं. मी लग्नानंतरचं पहिलं वर्ष बहुतेक खोक्यांवरच काढलं.

कमल आमच्यातली सगळ्यात नवी, अजून टेम्पररी. खुलताबादहून रोज एसटीनं यायची. एका शनिवारी सकाळी तिनं नव्या बाटल्यांना जुन्या बॅचची लेबलं लावली. आपांचा मिजाज त्या दिवशी बिघडलेलाच होता आणि तसं त्यांनी दारात सांगितलंही होतं. त्या कडाडल्या, "निघ इथून. उद्यापासून गेटात दिसू नको." आणि तरातरा स्टोअरकडं गेल्या. आम्ही निवांत लेबलं सोलायला बसलो. कमलही डोळे पुसून सोलायला लागली, कारण हुकूम कच्चा होता.

पण दारात नुकताच रुजू झालेला एक अधिकारी उभा होता. कच्चं-पक्कं त्याला काय माहीत? आम्ही सांगत राहिलो आणि त्यानं कमलचं गेटचं कार्ड काढून घेतलं, तिला बाहेर पोचवलं.

चहाला आपांनी विचारलं, "कमल कुठं हाय?" ऐकल्यावर त्यांनी कप तसाच ठेवला आणि थेट त्या अधिकाऱ्याकडं गेल्या. तो म्हणाला, "बाई, तुमच्याच तोंडचे शब्द होते." आपा म्हणाल्या, "माझेच होते. म्हणून परत घ्यायला मीच आले." कार्ड घेऊनच त्या परतल्या.

घोर वेगळाच होता. दुसऱ्या दिवशी कमलला बघायला पाहुणे यायचे होते, आणि मुलाकडच्यांना नोकरीवाली मुलगी हवी होती. भरदुपारी रडत एसटीतून उतरलेली पोरगी गावानं पाहिली असणार. कंपनीनं हाकललं म्हणजे चोरीच केली असेल, असं म्हणायला गावाला कितीसा वेळ लागतो?

रविवारी आपा मला सोबत घेऊन खुलताबादला गेल्या. पाहुणे बैठकीत बसलेले, कमलचा बाप खाली मान घालून. आपा उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "लेबलं चुकली, ती हिची चूक. ती तर रोज कुणाची ना कुणाची होते. हिला घालवलं ते माझ्या रागानं. राग माझा, अन् नाव गेलं पोरीचं." आणि कार्ड त्यांनी कमलच्या हातात दिलं.

मुलाचा बाप म्हणाला, "बाई, एवढ्यापायी तुमी इथवर आलात व्हय?"

"बोलले सगळ्यांच्या म्होरं. मग माफी कोपऱ्यात कशी मागू?"

सोयरीक त्याच बैठकीत जमली. परतीच्या एसटीत आपा खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मला त्यांचा फार अभिमान वाटत होता.

सोमवारी त्यांनी दारातच सांगितलं, "आजपासून कच्चा हुकूम बंद." कमलच म्हणाली, "आपा, आमाला कळतं की कच्चा हाय." आपा म्हणाल्या, "तुमाला कळतं. दारात उभ्या माणसाला कुठं कळतं?" त्यानंतर मिजाज बिघडलेला असला की त्या तसं सांगायच्या आणि चहापर्यंत तोंड मिटून खोक्यांच्या घड्या घालायच्या.

त्यांची जागा पुढं मला मिळाली. त्यांच्यापेक्षा मी तापट आहे, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं. माझ्या खात्यात आजही खोक्यांच्या घड्या फार सुंदर बसतात.

आपांच्या निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी सकाळीच हार आणला आणि त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. "चहानंतर," आपा म्हणाल्या आणि माझ्या शेजारी येऊन खोक्यांच्या घड्या घालत बसल्या. चहा झाला. मग उठून टोपी काढत त्या म्हणाल्या, "सकाळी बोलले असते तर म्हणाले असते, मी जात नाय. ते कच्चं होतं. आता पक्कं सांगते. जाते मी."

आम्ही सगळ्या रडत होतो. पण चहा झाला होता, त्यामुळे हुकूम मानावाच लागला.